मधली जागा भरू नका: कोरड्या प्रदेशांच्या हरितीकरणाचे आराखडे करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कोरड्या व निमकोरड्या प्रदेशांत झाडे लावण्याचे आराखडे करणारे अधिकारी, सल्लागार आणि त्यासाठी पैसा पुरवणाऱ्या संस्था

स. न. वि. वि.

आधी माझी चूक सांगते, मग तुमच्याकडे वळते. जमीनवापराचे नकाशे आखण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षे गेली. रंग ठरलेले असत. जंगलाला गडद हिरवा, गवताला पोपटी, शेतीला तपकिरी आणि ज्या जमिनीला काहीच म्हणता येत नसे तिला मळका पिवळा. या पिवळ्यापुढे सूचीत लिहिलेले असे, 'रिकामी जमीन'. मोठ्या नकाशावरून लहान नकाशा करताना बारीक तुकडे गाळायचे, शेजारच्या मोठ्या रंगात मिसळून टाकायचे, ही कामाची रीतच होती. एकदा एका कोरड्या पठाराचे हवाई छायाचित्र समोर आले. त्यावर झुडपांचे काळपट पट्टे होते, एकाखाली एक, जवळजवळ सारख्या अंतरावर, कंगव्याने ओढल्यासारखे. पट्टे होते वीसेक मीटर रुंद आणि मधली उघडी जमीन साठेक मीटर. लहान नकाशावर ते मावेनात. मी ते गाळले आणि कोष्टकात लिहिले, 'विरळ झुडपे, आच्छादन 25 टक्के'.

आकडा खोटा नव्हता. पण तो वाचणाऱ्याने साहजिकच वजाबाकी केली असणार: 25 टक्के भरलेले, 75 टक्के भरायचे बाकी. ती वजाबाकी करणारे तुम्ही आणि तिला आकडा पुरवणारी मी. त्या 75 टक्क्यांवर खड्डे खणून रोपे लावली, तर आधीची 25 टक्के झाडीही धोक्यात येते, एवढेच मला या पत्रात तुमच्या गळी उतरवायचे आहे.

जमिनीवर उभे राहून ही नक्षी दिसत नाही. माणूस झुडपांत शिरतो, बाहेर पडतो, उघड्या जमिनीवरून चालतो, पुन्हा झुडपांत शिरतो. त्याला वाटते, रान विरळ आहे, बस्स. नक्षी दिसायला विमान यावे लागले. तेव्हाच्या ब्रिटिश सोमालीलँडच्या हवाई छायाचित्रांवरून डब्ल्यू. ए. मॅकफेडियन या भूवैज्ञानिकाने 1950 मध्ये तिथल्या मैदानांवरच्या वनस्पतींच्या कमानींचे वर्णन केले. 1956 मध्ये क्लो-आर्सेद्युक यांनी नायजरमधल्या पट्ट्यांवर लिहिले. वरून पाहिले की जमीन वाघाच्या कातड्यासारखी दिसते, म्हणून फ्रेंचमध्ये त्या रानाला नाव पडले 'ब्रूस तिग्रे', म्हणजे वाघपट्टी झाडी. मग शोधू लागल्यावर ती सगळीकडे सापडू लागली. सुदानच्या बुताना मैदानात गवताची, मेक्सिकोतल्या चिवावा वाळवंटात 'मोगोते' म्हणतात त्या झुडपांची आणि ऑस्ट्रेलियात मुल्गा नावाच्या बाभळीची. (नाव वाचून हसू येते खरे, पण झाड मोठे चिवट आहे.)

झाडांच्या जाती वेगळ्या, माती वेगळी, खंडही वेगळे, तरी नक्षी एकच. अशा वेळी कारण झाडाच्या जातीत शोधून भागत नाही, ते पाण्याच्या वाटेवर शोधावे लागते.

कोरड्या मुलखात पाऊस कमी पडतो हे सगळ्यांना माहीत असते. तो पडतो कसा, हे आराखड्यांत फारसे येत नाही. तो बरेचदा थोड्या वेळात, दणक्यात कोसळतो. उघड्या जमिनीवर थेंबांच्या माऱ्याने बारीक माती बसते, छिद्रे बुजतात आणि वर खपली धरते. पुष्कळ ठिकाणी या खपलीत नील-हरित जीवाणू आणि शेवाळ राहतात. ते मातीचे कण एकमेकांना चिकटवून धरतात, काही तर हवेतला नत्रही मातीत आणतात. अशा खपलीवरून पाणी ओघळते, पत्र्यावरून ओघळावे तसे. उतार तरी केवढा? नायजरच्या पठारांवर शंभर मीटरला एक मीटरही नसतो. त्यामुळे ओहोळ होत नाही, पाणी पातळ चादरीसारखे सरकत राहते. मग वाटेत झुडपांचा पट्टा लागतो. तिथली जमीन मुळांनी भुसभुशीत केलेली, पाचोळ्याखाली वाळवीने पोखरलेली, सावलीमुळे खपली न धरलेली. पाणी तिथे थबकते आणि मुरते. त्याच्याबरोबर वाहत आलेला गाळ, बिया, काटक्याकुटक्या, सगळे तिथेच अडकते. म्हणजे पट्टा एकाच वेळी बांध असतो आणि शेतही. आणि त्याच्या वरची उघडी जमीन? ती त्याचे पाणलोट क्षेत्र.

माझ्या गाळलेल्या पट्ट्यांवरच हिशेब करून दाखवते. पट्टा 20 मीटर, वरची मोकळी जमीन 60 मीटर. पाऊस झाला 10 मिलिमीटर. धरू या की मोकळ्या जमिनीवर त्यातला निम्मा मुरला आणि निम्मा वाहून पट्ट्यात आला. त्या 60 मीटरवरचे 5-5 मिलिमीटर 20 मीटरच्या पट्ट्यात गोळा झाले, म्हणजे पट्ट्याला वरकड 15 मिलिमीटर मिळाले. त्याचा स्वतःचा पाऊस 10. एकूण 25. आभाळातून पडला त्याच्या अडीचपट. आता तेच पाणी सगळीकडे सारखे वाटून टाका. प्रत्येक वीतभर जमिनीला 10 मिलिमीटर येतील, मातीचा वरचा थर ओला होईल आणि दोन-तीन उन्हांत ती ओल उडून जाईल. मुळांपर्यंत कुणाच्याच काही पोहोचणार नाही. पंचवीसने झुडूप तगते, दहाने साधे गवतही धड धरत नाही. पाणी तेवढेच, फक्त वाटणी बदलली.

तुमचा खड्डा नेमकी हीच वाटणी बदलतो. मोकळ्या जमिनीवर खड्डे खणले, नांगर घातला, खपली मोडली, की त्या जागेचे पाणी त्या जागीच मुरते. पहिल्या वर्षी रोपे टवटवीत दिसतात, छायाचित्रे छान येतात. आणि खालचा पट्टा, ज्याची झाडे रोपांच्या कितीतरी आधीपासून तिथे उभी आहेत, तो तहानलेला राहतो. एखाद्या अवर्षणाच्या साली तो वाळला की अहवालात लिहिले जाते, 'दुष्काळामुळे हानी'. दुष्काळ तर त्याने आधीही पाहिले होते.

पट्टा जागचा हलत नाही, असेही समजू नका. पाणी पहिल्यांदा पोहोचते ते वरच्या काठाला. खालच्या काठाच्या वाट्याला उरलेसुरले. म्हणून नवी रोपटी वरच्या काठाशी रुजतात, खालची म्हातारी झाडे वाळतात आणि वर्षानुवर्षांच्या या येण्याजाण्यातून सबंध पट्टा चढाच्या दिशेने सरकतो. काही ठिकाणी वर्षाकाठी वीतभर किंवा हातभर, काही ठिकाणी जवळजवळ नाहीच. याचा पक्का पुरावा मिळाला तो शीतयुद्धाच्या काळातल्या हेर-उपग्रहांची छायाचित्रे खुली झाल्यावर. ती अलीकडच्या चित्रांवर ठेवून पाहिली तेव्हा पट्टे सरकलेले दिसले. ज्यांनी ती काढली त्यांना क्षेपणास्त्रांचे तळ हवे होते, हाती लागली झुडपे. मुद्दा असा की पट्ट्याच्या वरच्या काठाशी दिसणारी उघडी, ओसाड जमीन ही पुष्कळदा पट्ट्याची उद्याची जागा असते. तुमच्या आराखड्यात तिथेच कुंपण असते, नाहीतर परक्या जातीच्या रोपांची रांग.

इतकी नेमकी अंतरे कुणी आखून दिली, हा प्रश्न मला नकाशावाली म्हणून फार छळत असे. उत्तर आले ते गणितातून. ॲलन ट्युरिंग यांनी 1952 मध्ये एक शोधनिबंध लिहिला. सारख्या पसरलेल्या दोन रसायनांची आपापसांतली क्रिया आणि त्यांचे कमीजास्त वेगाने पसरणे, एवढ्यावरून ठिपके आणि पट्टे आपोआप कसे उमटू शकतात, हे त्यात दाखवले होते. डोळ्यांसमोर होते प्राण्यांचे शरीर. पण विचार माळरानालाही लागू पडतो. झाड आपल्या अगदी जवळच्या जागेला मदत करते: सावली देते, जमीन सैल करते, पाणी मुरवते. आणि जरा लांबच्या जागेचे पाणी ओढून घेते. जवळ मदत, लांब स्पर्धा. एवढ्या दोन गोष्टी असल्या की सारखे पसरलेले हिरवेपण टिकत नाही, ते गोळा होऊ लागते आणि गोळा होताना आपले अंतर स्वतःच ठरवते. 1997 मध्ये लेफेव्हर आणि लेजन यांनी वाघपट्टीच्या उगमाचे गणित याच धर्तीवर मांडले. 1999 मध्ये ख्रिस्तोफर क्लाउसमायर यांनी पाणी आणि वनस्पती अशा दोनच समीकरणांतून उतारावरचे पट्टे उमटवून दाखवले. पुढच्या काही वर्षांत एहुद मेरॉन आणि माक्स रीटकेर्क यांच्या गटांनी सपाट जमिनीचा क्रम काढला. पाऊस घटत जातो तसतशी आधी सलग हिरवळीत भोके पडतात, मग भोके एकमेकांना मिळून भूलभुलैयासारखी वळणे होतात, मग उरतात सुटे ठिपके आणि शेवटी उघडी माती. प्रत्यक्ष जमिनीवरही पाऊस आणि उतार यांच्याप्रमाणे हे आकार बदलत जाताना दिसतात. उतार मिळाला की पट्टे, सपाटी मिळाली की भोके, वळणे किंवा ठिपके.

म्हणजे रानाचा आकार हा एक मापन-यंत्रावरचा काटा आहे. तो पाहून कळते की या जमिनीला किती पाणी मिळते आणि ती ते कसे वाटते. तुम्ही टक्केवारी मागता तेव्हा हा काटाच काढून ठेवता. 25 टक्के आच्छादन पट्ट्यांचे असेल, ठिपक्यांचे असेल किंवा नुसत्याच विस्कटलेल्या झुडपांचे. कोष्टकात तिन्ही एकच.

आता थोडे विषयांतर, पण मला ते टाळवत नाही. नामिबियाच्या वाळवंटाच्या काठाने, अंगोलापासून दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य भागापर्यंत, गवताळ वाळूत लाखो उघडी वर्तुळे आहेत. बहुतेकांचा व्यास 2 ते 12 मीटर, भोवती उंच गवताची कड, आत एक काडी नाही. इंग्रजी नाव फेअरी सर्कल, म्हणजे परीवलय. तिथले हिंबा लोक ती मुकुरू या देवाची पावले मानतात, असे सांगितले जाते. शास्त्रज्ञांत यावरून जुंपली आहे. नॉर्बर्ट युर्गेन्स यांनी 2013 मध्ये वाळूतल्या वाळवीकडे बोट दाखवले: ती गवताची मुळे खाते, वर्तुळ उघडे पडते आणि पाणी शोषणारे कुणी नसल्याने त्याखाली ओल टिकते. श्टेफान गेत्सिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये सांगितले की पावसानंतर वर्तुळात उगवलेले गवत काही दिवसांतच मेले, मुळांना वाळवी लागल्याच्या खुणा नव्हत्या. भोवतालच्या गवताने पाणी ओढून घेतले म्हणून ते मेले. 2017 मध्ये कोरिना तार्निता यांच्या गटाने दोन्ही कारणे एकत्र बांधून पाहिली. भांडण मिटलेले नाही आणि ते मिटवण्याची माझी पात्रताही नाही. पण दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट वाचले की एक गोष्ट दोघांनाही मान्य दिसते: वर्तुळातली उघडी वाळू कडेच्या गवताला पाणी पुरवते. वाळवी जिंको की गवत, रिकामी दिसणारी जागा ही हौदच आहे.

आणि ऑस्ट्रेलियाची गोष्ट तर तुमच्यासारख्यांनी मुद्दाम वाचावी. पिलबारा भागात न्यूमन गावाजवळ अशीच वर्तुळे आहेत, त्यांच्यावरचा पहिला शोधनिबंध 2016 मध्ये आला आणि 'नवा शोध' म्हणून बराच गाजला. 2023 मध्ये दुसरा अभ्यास निघाला. त्यात मार्तू आणि इतर मूळ रहिवाशांचे ऐकून घेतले होते. ते म्हणाले, ही तर वाळवीची फरसबंदी. मन्यिलजारा भाषेत तिला 'लिन्यी' असे नावही होते. त्या कडक जागा ते खळ्यासारख्या वापरत, त्यांवर बिया झोडपत, पावसानंतर तिथे साचलेले पाणी पीत. ज्या जागेला नकाशात नाव नव्हते, तिला तिथल्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या नाव होते. माझ्या सूचीत 'रिकामी जमीन' लिहिताना मी तरी कुठे कुणाला विचारले होते?

तर मूळ मुद्द्याकडे. नक्षी मोडली की काय होते? 2004 मध्ये रीटकेर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की अशा रानांना एक कडा असतो. पाऊस घटत गेला किंवा चराई वाढत गेली तर काही काळ रान नक्षी बदलत तग धरते आणि मग एकदम कोसळून उघडे पडते. परत यायचे तर पूर्वीइतका पाऊस पुरत नाही, त्याहून बराच जास्त लागतो, कारण पाणी मुरवणारी मुळेच उरलेली नसतात. आलेले पाणी सरळ वाहून जाते. यावरून काहींनी निष्कर्ष काढला की ठिपके किंवा पट्टे दिसले की समजावे, हे रान मरणपंथाला लागले, लगेच हस्तक्षेप करा. तुमच्यापैकी काहींच्या आराखड्यांत हा सूर मी वाचला आहे. पण त्याच रीटकेर्क यांनी 2021 मध्ये आणखी एक बाजू पुढे आणली: नक्षी धरणे हीच कड्यावरून न पडण्याची युक्ती असू शकते. ज्या रानाला आकार बदलता येतो ते पावसाचे बरेच चढउतार सोसते. पट्टे दिसले की घाबरून धावणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला आधी बर्फात बुडवण्यासारखे. ताप हा शरीराचा उपायही असतो.

घाबरायचे असेल तर नक्षी फिसकटताना घाबरा. 2018 मध्ये आफ्रिकेच्या शिंगातल्या पट्ट्यांची जुनी हवाई छायाचित्रे आणि अलीकडची उपग्रहचित्रे ताडून पाहण्यात आली. जिथे माणसाचा वावर वाढला तिथे पट्ट्यांची झाडी घटलेली दिसली. नैर्ऋत्य नायजरमध्ये तर विचित्रच घडले. रान तुटले, जमिनी लागवडीखाली आल्या आणि पुढे दुष्काळाची वर्षे येऊनही भूजलाची पातळी वर चढत गेली. कारण उतारांवर मुरायचे ते पाणी आता वाहून डबक्यांत साचू लागले आणि तिथून खाली झिरपू लागले. भूजल वाढले म्हणून खूष व्हावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मला त्यात एवढेच दिसते की आधी ते पाणी कुणीतरी वरच धरून ठेवत होते.

तुमची उद्दिष्टे मला माहीत आहेत. उजाड जमिनी पुन्हा हिरव्या करण्याच्या, 2011 मध्ये जाहीर झालेल्या बॉन चॅलेंज या जागतिक मोहिमेत 2030 पर्यंत 35 कोटी हेक्टर. आफ्रिकेच्या ग्रेट ग्रीन वॉलमध्ये, जी 2007 मध्ये सुरू झाली, त्याच सालापर्यंत 10 कोटी हेक्टर. आकडे मोठे आहेत, मुदत जवळ आली आहे आणि अशा वेळी हात साहजिकच रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीकडे वळतो. पण चीनच्या लोएस पठारावर दशकानुदशके लागवड झाल्यावर 2016 मधल्या एका अभ्यासाने दाखवले की नव्या हिरवाईने तिथल्या पाण्याची मर्यादा जवळजवळ गाठली आहे, आणखी झाडे लावली तर माणसांच्या वाट्याचे पाणी कमी पडेल. तिथे तरी पाऊस बरा आहे. वाघपट्टीच्या मुलखात ही मर्यादा झाडांनी स्वतःच कधीची गाठलेली असते, त्या 25 टक्क्यांवर. बाकीचे 75 टक्के म्हणजे त्यांनी राखून ठेवलेले पाणी.

झाडे लावूच नका असे मी म्हणत नाही. मोडलेली रानेही आहेत, जिथे पट्ट्यांचा मागमूस उरलेला नाही, खपलीच खपली आहे आणि पाऊस पडताच सगळे पाणी पसार होते. तिथे काम करावेच लागेल. पण ते काम ज्यांनी यशस्वी केले, त्यांनी जमीन सरसकट भरली नाही. इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटात मिखाएल एव्हेनारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवदात येथे प्राचीन नबाती शेती पुन्हा उभी केली. वर्षाला 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या जागी तिथे बदाम आणि पीच पिकले. त्यांच्या हिशेबाने एक एकर शेताला 20 ते 30 एकर उघडी टेकडी लागत होती. जुन्या शेतकऱ्यांनी त्या टेकड्यांवर झाडे लावली नाहीत. उलट उतारावरचे दगड वेचून त्यांचे ढीग घातले, आणि ते पाणी जास्त वाहावे म्हणून, असे एव्हेनारींचे मत. उघडी जमीन त्यांनी शेतासारखी सांभाळली.

बुर्किना फासोत याकुबा सावादोगो यांनी 'झाई' ही जुनी रीत सुधारून वापरली: कडक जमिनीत हातभर रुंदीचे खड्डे, त्यांत शेणखत, खताच्या ओढीने वाळवी येते, ती जमीन पोखरते, पाणी मुरते. खड्ड्यांच्या मधली खपली मात्र तशीच. तीच पाणी खड्ड्याकडे आणते. नायजरमधले अर्धचंद्राकृती बांधही याच तत्त्वावर चालतात, प्रत्येक चंद्राच्या वरच्या अंगाला मोकळी जमीन सोडलेली असते. ऑस्ट्रेलियात डेव्हिड टाँगवे आणि जॉन लुडविग यांनी तर एकही रोप लावले नाही. मुल्गाच्या उजाड झालेल्या जमिनीवर समपातळी रेषेने नुसते फांद्यांचे ढीग घातले. तीन वर्षांत त्या ढिगांखाली पाणी जास्त मुरू लागले, मातीतला नत्र वाढला आणि गवत परतले. पट्टा जे काम करतो ते काम मेलेल्या फांद्यांकडून करून घेतले, मग पट्टा आपणहून आला.

आता रस्त्यांविषयी, कारण लागवडीपेक्षाही ते जास्त नुकसान करतात आणि त्यांचा उल्लेख कुठेच नसतो. रोपांचे टँकर न्यायला उताराला आडवी चाकोरी पाडली की ती चरासारखी पाणी पकडते आणि बाजूला घेऊन जाते. तिच्या खालच्या अंगाचे पट्टे पाण्यावाचून राहतात. ऑस्ट्रेलियातल्या मुल्गाच्या रानात रस्त्याच्या आणि रुळांच्या खालच्या बाजूला वाळलेल्या झाडांची अशी सावली पडलेली दिसते. आणि खपली मोडायला तर टँकरचे एक चाक पुरते. जीवाणूंची खपली पुन्हा धरायला काही ठिकाणी दशके लागतात. तुमचा प्रकल्प पाच वर्षांचा. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात क्रिओसोट नावाच्या झुडपाचे एक वलय आहे, मधले मूळ झुडूप केव्हाच मेले, त्याचेच फुटवे बाहेरबाहेर सरकत राहिले. त्याचे वय सुमारे 11,700 वर्षे असावे, असा अंदाज आहे. त्याच्या मधल्या मोकळ्या जागेत कुणी रोप लावले नाही, हे त्याचे नशीब.

मागणे फार नाही. लागवडीची जागा ठरवण्याआधी तिचे उपग्रहचित्र इतक्या जवळून पाहा की एकेक झुडूप वेगळे दिसेल. आज ते घरबसल्या पाहता येते, माझ्या वेळी विमान लागत असे. नक्षी दिसली तर मधल्या जमिनीला हात लावू नका. पट्टा फाटला असेल तर तेवढीच फट सांधा, तीही फांद्यांनी, त्याच्याच जातीच्या बियांनी. चाकोऱ्या उताराच्या दिशेने न्या किंवा पाणी पलीकडे जाईल अशा वाटा ठेवा. गुरे घेऊन तिथून जाणाऱ्यांना विचारा की पाऊस पडल्यावर पाणी कुठून कुठे जाते. आणि पहिल्या पावसानंतर रोपे मोजून यश जाहीर करू नका. खालच्या पट्ट्याकडे तीन-चार कोरड्या वर्षांनी बघा.

शेवटी कोष्टकाविषयी, कारण तो माझा प्रांत. 'आच्छादन टक्के' या रकान्याशेजारी एक रकाना वाढवा: 'पट्टा ते पट्टा अंतर'. नक्षी नसेल तिथे रेघ मारा. माझ्या त्या जुन्या कोष्टकात हा रकाना असता तर मी त्यात 80 मीटर लिहिले असते आणि पुढच्या माणसाला वजाबाकी करण्याआधी विचारावे लागले असते की हे 80 मीटर कशाचे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त नकाशाकार